एकच मिश्रधातू, दोन रिबिनी: अस्फटिकी अ‍ॅल्युमिनियम तापवताना पडलेला पेच

हे प्रकरण एका अभियांत्रिकी संस्थेतल्या धातुशास्त्र विभागातले आहे. संस्था, माणसे आणि ओळख पटेल असे सगळे तपशील काढून टाकले आहेत. संशोधन सल्लागार समितीवर असल्यामुळे मला ते जवळून पाहता आले. अ‍ॅल्युमिनियमच्या अस्फटिकी मिश्रधातूंवर काम करणाऱ्या, किंवा डीएससीचा (नमुना तापवताना त्याने घेतलेली-सोडलेली उष्णता मोजण्याच्या पद्धतीचा) आलेख पाहून निष्कर्ष काढणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

वितळलेला धातू थंड होताना अणूंना पुरेसा वेळ मिळाला की ते नेमाने रांगा लावतात आणि स्फटिक तयार होतात. तो वेळच मिळू दिला नाही, तर द्रवातली विस्कळीत मांडणी तशीच गोठते. अशा धातूला अस्फटिकी धातू किंवा धातुकाच म्हणतात. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये पोल डुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनच्या मिश्रणावर हे पहिल्यांदा करून दाखवले. अ‍ॅल्युमिनियम मात्र बराच काळ दाद देत नव्हता. ऐंशी टक्क्यांहून जास्त अ‍ॅल्युमिनियम असलेली आणि वाकवली तरी न मोडणारी धातुकाच १९८८ मध्ये दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे हाती आली. एक ठिकाण जपानमधले सेंदाईचे तोहोकू विद्यापीठ, तिथे इनोउए आणि मासुमोतो यांचा गट होता. दुसरे अमेरिकेतले व्हर्जिनिया विद्यापीठ, तिथे पून आणि शिफ्लेट यांचा. दोन्हीकडची कृती साधारण सारखीच होती. अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडे यिट्रियम, सेरियम किंवा लँथॅनमसारखे मोठ्या अणूचे मूलद्रव्य आणि थोडे लोह किंवा निकेल घालायचे, आणि वितळलेला रस वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडायचा. सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या गतीने थंड झालेली पातळ रिबीन चाकावरून सुटते.

या रिबिनीची ताणशक्ती १००० मेगापास्कलच्या पुढे जाते. विमानांत वापरल्या जाणाऱ्या ७०७५ या अ‍ॅल्युमिनियमची, टी-६ या उष्णतेने कठीण केलेल्या अवस्थेतली, ताणशक्ती ५७० च्या आसपास असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट थोड्याच काळात सेंदाईच्या गटाने दाखवली. ही काच बेताने तापवली तर तिच्यात शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे काही नॅनोमीटरचे स्फटिक पेरल्यासारखे उगवतात आणि ताणशक्ती १५०० मेगापास्कलपर्यंत चढते. तापवणे हा इथे पदार्थ घडवण्याचाच एक टप्पा आहे. थोडे जास्त तापवले, तर तीच रिबीन बोटांत तुकडे होऊन पडते.

आपल्या प्रकरणातली मिश्रधातू म्हणजे अणूंच्या प्रमाणात अ‍ॅल्युमिनियम ८८, यिट्रियम ७ आणि लोह ५. प्रकल्पाचे अंतिम उद्दिष्ट रिबीन नव्हते. वायूच्या झोताने फवारून केलेली याच मिश्रधातूची भुकटी गरम दाबून तिचे भरीव नमुने करायचे होते. पण भुकटी महाग आणि प्रेस दुसऱ्या प्रयोगशाळेतली, तिथे ठरलेल्या वेळीच जायला मिळणार. म्हणून आधी रिबिनीवर तापमान आणि वेळ यांची मर्यादा ठरवायची आणि तीच पुढे भुकटीला लावायची, असा बेत होता. हा बेत सरळ वाटतो, आणि पेच त्यातच दडलेला होता.

अडचण

पीएचडीच्या विद्यार्थिनीने पहिल्या बॅचच्या रिबिनीचे डीएससी केले. त्या बॅचला आपण बॅच अ म्हणू. मिनिटाला २० अंश वेगाने तापवल्यावर २५५ ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आलेखाला एक छोटी पायरी दिसली. ही काच-संक्रमणाची, म्हणजे काच मऊ व्हायला लागल्याची, खूण. त्यानंतर २७० च्या पुढे उष्णता बाहेर टाकणारा पहिला पीक, म्हणजे आलेखाचा शेंडा, आला. तिथून बऱ्याच वर, साडेतीनशेच्या आसपास आणि पुढे, आणखी पीक होते. पहिल्या पीकमध्ये शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे स्फटिक तयार होतात. नंतरच्या पीकमध्ये उरलेल्या काचेतून यिट्रियम आणि लोहाची संयुगे बाहेर पडतात. तिथे काच संपते.

बॅच अ संपली, म्हणून बॅच ब केली गेली. तेच घटक, तेच वजन, चाकाची तीच गती. पण डीएससीच्या आलेखात पायरी दिसेना. पहिला पीक काही अंश आधीच सुरू होत होता आणि त्याचे क्षेत्रफळही कमी भरत होते. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण पाडून अणूंची मांडणी तपासताना, दोन्ही बॅच सारख्याच दिसत होत्या, ३८ अंशांच्या आसपास तोच एक रुंद, गोल उंचवटा. म्हणजे दोन्ही अस्फटिकी. तापमापनात चूक असेल म्हणून यंत्र तपासले. इंडियम १५६.६ अंशांना आणि जस्त ४१९.५ अंशांना, जसे वितळायला हवे तसे वितळले. यंत्राचा दोष नव्हता.

एवढ्यात शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला होता आणि तो माझ्याकडे वाचायला आला. त्यात किसिंजर पद्धतीने काढलेली सक्रियण ऊर्जा होती. १९५७ पासून रूढ असलेली ही पद्धत सोपी आहे. निरनिराळ्या वेगांनी तापवायचे, पीकचे तापमान किती सरकते ते पाहायचे, आणि त्यावरून स्फटिकीकरणाला किती ऊर्जेचा अडसर आहे ते काढायचे. आलेखावर चार बिंदू होते आणि त्यांतून जाणारी रेष बऱ्यापैकी सरळ होती. मिनिटाला ५ आणि १० अंशांचे बिंदू बॅच अ चे होते. २० आणि ४० चे बिंदू बॅच ब चे. तक्त्याच्या खालच्या टिपेत तसे प्रामाणिकपणे लिहिलेले होते, म्हणूनच ते लक्षात आले.

मी तिला विचारले, "हे दोन बिंदू ब चे का घेतलेस? अ मध्ये २० चा आलेख तर आहे."

"सर, त्यात पायरी आणि पीक एकमेकांना चिकटलेत, बेसलाइन नीट बसत नव्हती. ब चा पीक स्वच्छ होता. आणि रचना तीच आहे ना?"

सगळा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आला. रचना, म्हणजे घटकांचे प्रमाण, तीच असली की पदार्थ तोच असतो का?

एक्सआरडीवर इतका भरवसा का ठेवू नये, हे इथेच सांगायला हवे. अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकाची सर्वांत ठळक रेषा, १११ या अणुप्रतलांची, तांब्याच्या क्ष-किरणांनी ३८.५ अंशांवर येते. काचेचा रुंद उंचवटाही नेमका तिथेच असतो. त्यातून स्फटिक ३ नॅनोमीटरचा असेल, तर त्याची रेषा आकारमानामुळेच पसरून जवळपास ३ अंश रुंद होते. असे स्फटिक शेकडा एक-दोन असतील तर ते उंचवट्यात बेमालूम मिसळून जातात. 'एक्सआरडीत अस्फटिकी' याचा अर्थ इतकाच की या पद्धतीला स्फटिक दिसले नाहीत.

समोरचे पर्याय

बैठकीत मार्गदर्शक मॅडम, विद्यार्थिनी आणि मी असे तिघेच होतो. तीन वाटा समोर होत्या.

बॅच ब बाजूला ठेवायची आणि फक्त अ चे निकाल छापायचे, ही पहिली. अ चा आलेख पाठ्यपुस्तकात शोभेल असा होता. पण अ ची रिबीन उरलीच नव्हती म्हणण्याइतकी कमी होती, आणि ब वेगळी का वागली हे कोणालाच सांगता आले नसते. नवी बॅच करून सगळे प्रयोग पुन्हा करायचे, ही दुसरी. ती प्रामाणिक होती पण आंधळी. नवी बॅच अ सारखी निघेल की ब सारखी, हे ठरवणारी गोष्ट कोणती तेच माहीत नव्हते. प्रेसची तारीख जवळ येत होती, त्यामुळे मॅडमचा कल सुरुवातीला पहिल्या वाटेकडे होता, आणि त्यांची अडचण मला समजत होती.

तिसरी वाट अशी, की अ आणि ब मधला फरक हाच अभ्यासाचा विषय करायचा. मी या वाटेच्या बाजूने बोललो. माझ्यासमोर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पेरेपेझ्को यांच्या गटाने समेरियमच्या मिश्रधातूवर केलेले काम होते. अ‍ॅल्युमिनियम ९२, समेरियम ८. ही मिश्रधातू चाकावर ओतून रिबीन केली, तर तापवताना काच-संक्रमण दिसत नाही. १७० अंशांच्या आसपास थेट नॅनोस्फटिक उगवायला लागतात. तीच रचना अ‍ॅल्युमिनियम आणि समेरियमचे पातळ पत्रे एकमेकांवर ठेवून, थंडच लाटून लाटून तयार केली, तर काच-संक्रमण स्पष्ट दिसते आणि नॅनोस्फटिकांचा तो पहिला टप्पा गायब होतो. दोन्हीकडे अणूंचे प्रमाण एकच. फरक एवढाच की लाटून केलेली काच कधी वितळलेलीच नव्हती, त्यामुळे द्रव थंड होताना स्फटिकाचे जे बीज पडते ते तिच्यात पडायला वावच नव्हता.

दुधात विरजणाचा थेंब आधीच पडलेला असेल, तर दही किती वेळात लागले यावरून दुधाविषयी काही ठरवता येत नाही. बॅच ब मध्ये असेच काही झाले असावे, असा माझा कयास होता. पण कयासावर निबंध लिहिता येत नाही. तो तपासायचा कसा, यावर बैठकीतला बराच वेळ गेला, आणि शेवटी मॅडमनीच प्रेसची तारीख पुढे ढकलायला सांगितले. या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय तोच होता.

काय केले

पहिली गोष्ट थांबवली ती खलबत्त्याची. एक्सआरडीसाठी रिबीन अ‍ॅगेटच्या खलात कुटून तिचा चुरा करण्याची विभागात पद्धत होती. पोलादासाठी आणि सिरॅमिकसाठी ती चालून जाते. या पदार्थासाठी ती घातक आहे. १९९४ मध्ये व्हर्जिनियाच्याच गटाने दाखवले होते, की अ‍ॅल्युमिनियमची ही काच नुसती वाकवली तरी जिथे ती घसरते त्या अरुंद पट्ट्यांत, खोलीच्या तापमानाला, अ‍ॅल्युमिनियमचे नॅनोस्फटिक तयार होतात. कुटल्यावर दिसलेला स्फटिक रिबिनीतला की खलातला, हे मग कोण सांगणार? यापुढे रिबिनीचे तुकडे सपाट पट्टीवर शेजारी शेजारी चिकटवून मोजायचे, असे ठरले.

तसे मोजताना रिबिनीच्या दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. चाकाला टेकलेली बाजू निस्तेज असते आणि मोकळी बाजू चकचकीत, त्यामुळे त्या नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात. या रचनेत क्ष-किरण मुख्यतः वरच्या काही मायक्रोमीटरमधलीच माहिती आणतात, म्हणजे दोन्ही बाजूंची साक्ष बरीचशी स्वतंत्र मिळते. सावकाश, तासन्‌तास मोजल्यावर ब च्या मोकळ्या बाजूला ३८.५ अंशांवर उंचवट्याचा माथा किंचित टोकदार दिसला आणि ४४.७ अंशांवर, जिथे अ‍ॅल्युमिनियमची २०० ची रेषा येते, एक अगदी हलका फुगवटा. चाकाकडच्या बाजूला दोन्ही नव्हते. अ मध्ये कुठल्याच बाजूला नव्हते.

मग जाडी. अ ची रिबीन २२-२३ मायक्रोमीटरची होती आणि ब ची ३५ च्या पुढे. चाकाची गती तीच असताना रिबीन जाड का झाली, याचे उत्तर नोंदवहीत मिळाले. ब च्या वेळी क्वार्ट्झची नळी नवी होती आणि तिचे तोंड घासताना भोक मोठे झाले होते. रस जास्त पडला, रिबीन जाड झाली, आणि मोकळ्या बाजूपर्यंत थंडावा पोचायला उशीर लागला. मायक्रोमीटर स्क्रू रिबिनीच्या खडबडीतपणामुळे जाडी थोडी जास्तच दाखवतो, म्हणून विद्यार्थिनीने एका मोजलेल्या लांबीचे वजन करूनही पडताळा घेतला. फरक खरा होता.

आता मुख्य तपासणी, डीएससी स्थिर तापमानाला. १९८८ मध्ये हार्वर्डमधल्या चेन आणि स्पेपेन यांनी मांडलेला निकष इथे कामाला येतो. नमुना एका तापमानाला धरून ठेवायचा आणि बाहेर पडणारी उष्णता वेळेनुसार पाहायची. पदार्थ खरोखर अस्फटिकी असेल, तर आधी बीज पडायला वेळ लागतो. आलेख काही काळ शांत राहतो, मग चढतो, मग उतरतो. आत आधीच बारीक कण असतील आणि ते नुसते वाढत असतील, तर आलेख सुरुवातीपासून उतरतच जातो.

२४५ अंशांवर दोन्ही बॅचेसचे आलेख उतरतेच आले.

इथे विद्यार्थिनी खचली. दोन्हींत आधीच स्फटिक असतील तर तिसरी वाटही बंद. पण घाई करण्याचे कारण नव्हते. नमुना ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर यंत्राला स्थिरावायला वेळ लागतो, साधारण मिनिटभर तरी. तेवढ्यात बीज पडून वाढही जोरात सुरू झाली असेल, तर आलेखाची चढती बाजू त्या गोंधळात झाकली जाते आणि उरलेली उतरती बाजूच दिसते. उतरता आलेख मिळाला की आधीपासून स्फटिक होते असे लिहून मोकळे होणारे निबंध मी बरेच वाचले आहेत, आणि त्यांतल्या सगळ्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. उपाय एकच, तापमान खाली आणायचे आणि सगळ्या घडामोडी सावकाश होऊ द्यायच्या.

२३० अंशांवर चित्र स्पष्ट झाले. अ चा आलेख काही मिनिटे जवळजवळ सपाट राहिला, मग ठेंगणा पण निःसंशय उंचवटा आला. ब चा आलेख तिथेही पहिल्यापासून उतरताच. एकाच यंत्रात, एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या पॅनमध्ये. प्रत्येक नमुन्याच्या मागोमाग तोच नमुना, पूर्ण स्फटिक झाल्यावर, पुन्हा त्याच कार्यक्रमाने चालवून बेसलाइन, म्हणजे आलेखाची पायाभूत रेषा, वजा केली होती. हे कंटाळवाणे काम तिने एकदाही टाळले नाही, आणि इतका ठेंगणा उंचवटा विश्वासाने दाखवता आला तो त्यामुळेच.

शेवटी टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. नमुना पातळ करायची विभागातली नेहमीची पद्धत आयनांच्या झोताची. झोताने नमुना तापतो, आणि ज्या पदार्थात अडीचशे अंशांच्या खालीच स्फटिक उगवतात त्याला हे परवडत नाही. म्हणून नायट्रिक आम्ल आणि मिथेनॉलच्या मिश्रणात, उणे ३० अंशांच्या आसपास, विद्युत-पॉलिशिंग केले. हे मिश्रण थंडच ठेवावे लागते, साठवून ठेवायचे नसते, आणि मिथेनॉलच्या जागी इथेनॉल कधीही चालत नाही, कारण नायट्रिक आम्लाशी ते स्फोटक ठरू शकते. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना हे लिखित स्वरूपात द्यायला हवे. टीईएममध्ये न तापवलेल्या ब च्या मोकळ्या बाजूजवळ विरळ, काही नॅनोमीटरचे ठिपके सापडले. अ मध्ये शोधूनही सापडले नाहीत.

निष्पत्ती

किसिंजरची ती रेष निबंधातून गेली. चारही वेगांचे बिंदू एकाच बॅचचे घेऊन आकडा पुन्हा काढता आला असता, आणि तसे सुचवलेही गेले. पण पहिल्या टप्प्याचा एकच आकडा सांगण्यात फार अर्थ नाही, हे तोवर सगळ्यांना पटले होते. त्याचे कारण या पदार्थाच्या गाभ्यात आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकात यिट्रियमला जवळजवळ जागाच नसते. स्फटिक वाढतो तसतसा तो यिट्रियमचे अणू बाहेर ढकलतो. ते अणू मोठे आणि सुस्त, दूर जाऊ शकत नाहीत, स्फटिकाभोवतीच साचतात. सेरियमच्या अशाच मिश्रधातूंमध्ये होनो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी अ‍ॅटम प्रोबने हे साचणे अणू मोजून दाखवले आहे. त्या साचलेल्या थरातून वाट काढत स्फटिकाची वाढ मंदावते, आणि शेजारच्या स्फटिकाचा थर येऊन भिडला की जवळपास थांबते. घनमीटरमागे स्फटिकांची संख्या १० च्या २२ व्या घाताइतकी असेल, तर दोन स्फटिकांमधले अंतर सरासरी ४६ नॅनोमीटरच भरते. या कुटुंबातल्या मिश्रधातूंत १० च्या २१ व्या ते २३ व्या घातापर्यंतची संख्या नोंदली गेली आहे. इतक्या दाटीत प्रत्येक स्फटिक शेजाऱ्याने अडवलेला असतो, म्हणून तो १०-२० नॅनोमीटरवर थबकतो. दरम्यान उरलेल्या काचेची रचना मिनिटागणिक बदलत असते, तिच्यात यिट्रियम आणि लोह वाढत जातात आणि ती आणखी चिवट होते. वेळेनुसार किती स्फटिक झाले ते सांगणारे अ‍ॅव्हरामीचे समीकरण असो की किसिंजरचे, ज्या काचेतून स्फटिक वाढतो ती वाढ चालू असताना बदलत नाही असे दोन्ही गृहीत धरतात. इथे ती बदलते, आणि पीकची उतरती बाजू लांबच लांब रेंगाळते ती त्यामुळेच. सुधारित निबंधात म्हणून आकडा दिला नाही. आलेख दिले, दोन्ही बॅचचे, जाडीसकट.

रिबीन किती तापवायची, याचे उत्तरही मिळाले. २४५ अंशांवर थोडा वेळ ठेवलेल्या रिबिनीची विकर्स कठिणता वाढली आणि ती चिमटीत धरून पूर्ण दुमडली तरी मोडली नाही. वेळ वाढवत गेल्यावर कठिणता आणखी चढली, पण एका टप्प्यानंतर दुमडताच तुकडा पडायला लागला. दुमडण्याची ही चाचणी जुनी आणि साधी आहे. तरीही काचेत किती स्फटिक झाले की ती ठिसूळ होते याचा इतका झटपट अंदाज दुसऱ्या कशाने येत नाही. ब ची रिबीन हा टप्पा अ च्या आधी ओलांडत होती.

खरा फायदा मात्र भुकटीत झाला. वायूने फवारलेल्या भुकटीत बारीक थेंब झटकन थंड होतो आणि मोठा थेंब रेंगाळतो. म्हणजे एकाच डब्यात अ ही असते आणि ब ही, आणि ब हून वाईट, निम्मे-अर्धे स्फटिक झालेले कणही. पूर्वीच्या बेतानुसार हा डबा जसाच्या तसा प्रेसमध्ये गेला असता. आता तो आधी चाळला गेला. २५ मायक्रोमीटरच्या चाळणीखालची भुकटी वेगळी काढून तिचे स्थिर तापमानाचे डीएससी केले. तिचा आलेख अ सारखा आला, उंचवट्यासह. वरच्या भुकटीचा ब सारखा. अ‍ॅल्युमिनियमची इतकी बारीक भुकटी हवेत उडाली तर ठिणगीने स्फोट होतो, त्यामुळे चाळण्याचे काम अर्गॉन भरलेल्या बंद पेटीत केले. त्यातच बराच वेळ गेला.

दाबण्यासाठी बारीक भुकटी निवडली. इथे मतभेद होता आणि तो रास्त होता. मॅडमचे म्हणणे, आपल्याला शेवटी नॅनोस्फटिक हवेच आहेत, मग आधीपासून बीज असलेली भुकटी चांगलीच की. विस्कॉन्सिनच्या गटाने याच रचनेत मुद्दाम शेकडा एक शिसे घालून बीजांची संख्या वाढवलेली आहे, त्यामुळे या म्हणण्याला आधारही होता. माझे म्हणणे क्रमाचे होते. भुकटीचे कण दाबाखाली एकमेकांत वाहून सांधायला हवेत, आणि तेवढा वेळ काच मऊ राहायला हवी. स्फटिक आधीच वाढायला लागले तर ती घट्ट होते आणि कणांमध्ये भोके राहतात. आधी सांधू द्या, स्फटिक नंतर उगवा. शेवटी दोन्ही भुकट्यांचे एकेक नमुने दाबले. जाड भुकटीच्या नमुन्यात कणांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली अजून वेगळ्या दिसत होत्या आणि भोके जास्त होती. बारीक भुकटीचा नमुना पूर्ण भरीव नव्हता, पण पुढचे काम त्याच्यावर करता आले.

वेगळे काय करता आले असते

नळीच्या तोंडाचे माप पहिल्या दिवसापासून नोंदवायला हवे होते. चाकाची गती, वायूचा दाब, रसाचे तापमान हे सगळे नोंदवहीत होते. भोकाचे माप मात्र 'नवी नळी' एवढ्या दोन शब्दांत उरकले होते. त्याखालोखाल जाडी. रिबीन हातात आली की दर काही मीटरवर जाडी मोजून बॅचच्या नावाला जोडली असती, तर ब वेगळी आहे हे डीएससीच्या आधीच कळले असते.

स्थिर तापमानाचे डीएससी शेवटी नव्हे, सुरुवातीलाच करायला हवे, असे माझे ठाम मत आहे. ठरावीक वेगाने तापवलेला आलेख पटकन मिळतो, देखणा असतो आणि त्यातून आकडे काढण्याच्या तयार पद्धती आहेत. पण बीज आधीचे की नंतरचे, हा प्रश्न त्याला नीट विचारताच येत नाही. त्यातही तापमान किमान दोन घ्यावीत आणि एक इतके खाली असावे की यंत्र स्थिरावल्यानंतरच सगळे घडेल.

एका गोष्टीचा विचार सगळ्यांकडूनच उशिरा झाला. डीएससीत नमुना ५ ते १० मिलिग्रॅमचा असतो, त्यामुळे स्फटिकीकरणाची उष्णता लगेच निघून जाते. प्रेसच्या साच्यात भुकटी कितीतरी जास्त असते, आणि सगळीकडे एकदम स्फटिक व्हायला लागले तर आतले तापमान बाहेरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दाखवतो त्यापेक्षा वर जाऊ शकते. मग पहिल्या टप्प्यावर थांबायचे ठरवून दुसऱ्याच्या जवळ पोचायचे. साच्याच्या मध्यभागी थर्मोकपल बसवण्याची सोय त्या प्रेसवर नव्हती. पुढच्या वेळी ती करून घेतल्याशिवाय वरचे तापमान वाढवायचे नाही, असे ठरले आहे.

बीज म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र या प्रकरणाने सुटला नाही. ब च्या मोकळ्या बाजूचे ठिपके खरे स्फटिक होते. पण अ मध्ये काहीच नव्हते, असे टीईएमवरून म्हणणे धाडसाचे ठरेल. समेरियमच्या काचेत, जिथे नेहमीच्या टीईएमला स्फटिक दिसत नाहीत तिथेही, नॅनोमीटरच्या पातळीवर अ‍ॅल्युमिनियमसारखी मांडणी असलेले भाग विस्कॉन्सिनमध्ये फ्लक्चुएशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने दिसले आहेत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या केल्टन यांच्या गटाने गॅडोलिनियम-लँथॅनम-निकेलच्या मिश्रधातूत वेगळेच कारण पुढे केले आहे. त्यांच्या मते तापवताना काच आधी दोन रचनांमध्ये फुटते आणि अ‍ॅल्युमिनियम जास्त असलेल्या भागात स्फटिक धरतात. आपल्या यिट्रियम-लोहाच्या काचेत यांतले कोणते घडते ते पाहण्यासाठी विद्यार्थिनीने आता तीन वेगवेगळ्या भोकांच्या नळ्या मुद्दाम करून घेतल्या आहेत. एकाच वितळीतून तीन जाडीच्या रिबिनी काढायच्या आणि तिन्ही २३० अंशांच्या खाली, जास्त वेळ धरायच्या, असा पुढचा बेत आहे. जाडी कमी होत जाताना उंचवटा जर ठरावीक जागी येऊन थांबला आणि त्यापुढे सरकला नाही, तर उरलेला उशीर काचेचा स्वतःचा आहे असे मानता येईल.